घरातल्या औषधांनी काय होतंय?

‘घरातल्या औषधांनी काय होतंय?’ हा प्रश्न इतक्यांदा आणि इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकलाय, की त्याला एकदा लेखी उत्तर देऊन टाकायचं ठरवलं. विचारणारे अडाणी नसतात. ते सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या नियमावर पाऊण तास बोलतात, गॅसची नळी पाच वर्षांनी न चुकता बदलतात, गावाला जाताना कुलूप लावून पुन्हा दोनदा ओढून बघतात. औषधांचा विषय निघाला की मात्र या सगळ्या सावधपणाला सुट्टी मिळते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. औषध बरं करण्यासाठी असतं, म्हणजे ते चांगलंच. चांगली वस्तू चार जास्तीची घरात असावी, लागेल कधीतरी. पैसे मोजून आणलेलं टाकू नये. मुदतबिदत हा कंपन्यांचा धंदा. अगदीच नको झालं तर कामवाल्या मावशींना द्यावं, तेवढंच पुण्य. त्याही नको म्हणाल्या तर कचऱ्याचा डबा आहे, संडास आहे, गावाकडे पाणी तापवायचा बंब आहे. आणि याउपर कुणी शंका काढलीच, तर ‘असले परदेशी चोचले आपल्याकडे नकोत’ हा रामबाण आहेच.

या मतात तर्क आहे, काटकसर आहे, दानधर्म आहे, थोडं देशप्रेमही आहे. औषधाबद्दलची माहिती तेवढी नाही.

आधी त्या साठ्यात डोकावू. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण वाकडं झाल्यानं नीट न बसणारं. आत तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. खोकल्याच्या बाटलीच्या झाकणाभोवती साखरेचा कडक पापुद्रा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचे डोळ्यांचे थेंब, जे उघडल्यावर महिनाभरात संपवायचे किंवा टाकायचे होते. वर्षापूर्वी वारलेल्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या. आणि मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेला चार गोळ्यांचा तुकडा. त्यावरची तारीख दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तुकड्याबरोबर गेली आणि नावाची शेवटची अक्षरं तेवढी उरली : ‘झोल’. आता ही पित्ताची पँटोप्राझोल, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, जंतांवरची अल्बेंडाझोल की स्तनाच्या कर्करोगावरची लेट्रोझोल? घरातलं कुणीही छातीठोकपणे सांगतं, ‘अॅसिडिटीची असणार.’ या ‘असणार’वर आपण गोळ्या गिळतो.

पहिला दावा : ही साधी औषधं, विष थोडीच आहेत?

सगळ्यात साधं औषध घेऊ. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला फुकट मिळणारी लोहाची लाल गोळी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. लहान मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह एकदम पोटात गेलं, तर ती गंभीर विषबाधा. दहा किलोच्या मुलाला दहा गोळ्या पुरतात, म्हणजे एक पट्टी. गोळी लाल, गुळगुळीत. मूल आधी उलट्या करतं, मग काही तास बरं झाल्यासारखं दिसतं. घरचे ‘निघालं सगळं’ म्हणून निर्धास्त होतात, आणि त्यानंतर रक्तदाब कोसळतो, यकृत बिघडायला लागतं. आईचं रक्त वाढावं म्हणून आणलेल्या गोळीनं हे घडतं.

तापाची गोळी? ६५० मिलिग्रॅमची, पंधरा गोळ्यांची पट्टी म्हणजे पावणेदहा ग्रॅम पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जायचं नाही. कुणी रागाच्या भरात पट्टी संपवली तर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही दिसत नाही. यकृत पुढच्या दोन-तीन दिवसांत बोलायला लागतं. उतारा आहे, पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. पण ‘तापाची तर गोळी, सकाळी बघू’ म्हणणाऱ्या घरात ते आठ तास झोपेत जातात.

मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड? दोन वर्षांच्या मुलाची साखर जिवावर बेतेल इतकी खाली न्यायला एक गोळी पुरू शकते, आणि साखर कधीकधी कित्येक तासांनी उतरते. संधिवाताची मेथोट्रेक्सेट? ती आठवड्यातून एकदा घ्यायची. कुणी चुकून रोज घेतली, तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी तयार व्हायच्या थांबतात, माणूस दगावतोही. पण ही गोळी रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांच्याच डबीत, तेवढीच छोटी, तेवढीच पिवळट, शेजारी शेजारी पडलेली असते. आता कुठली सोमवारची आणि कुठली रोजची, हे पंचाहत्तरीच्या आजींच्या डोळ्यांवर सोडायचं का?

ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे तिथली गोष्ट आणखी निराळी. पूर्वी केमो म्हणजे इस्पितळातली सलाईन होती. आता केपसायटाबीनसारख्या गोळ्या परळच्या टाटा रुग्णालयातून घेऊन माणूस रात्रीच्या गाडीनं जळगावला, नांदेडला घरी जातो. इस्पितळात हीच औषधं हाताळताना परिचारिका हातमोजे घालते. घरी सून गोळी तळहातावर घेते, गिळता येत नाही म्हणून खलात कुटते, आणि सून गरोदरही असू शकते. ही गोळी कुटायची नाही, मोडायची नाही, उघड्या हातानं धरायची नाही. रुग्णाच्या मलमूत्रातूनही औषध निदान दोन दिवस बाहेर पडत असतं, म्हणून झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं आणि त्याचे खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. हे त्या घरात कुणी नीट सांगितलेलं असतं का? सांगितलं असलं तर कुणी ऐकलेलं असतं का?

आणि फेंटानिलचा पॅच. असह्य वेदनांसाठी कातडीवर चिकटवायचा, तीन दिवसांनी बदलायचा. तीन दिवसांनंतरही त्यात औषधाचा बराच अंश शिल्लक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ साली लोकांना सावध केलं, तेव्हा त्यांच्याकडे पंधरा वर्षांतल्या २६ मुलांच्या नोंदी होत्या. निम्म्याहून जास्त दोन वर्षांची किंवा त्याहून लहान. कुणी कचऱ्यातून पॅच काढून तोंडात घातला, कुणाला तो खाली पडलेला सापडून अंगाला चिकटला. दहा मुलं गेली. त्यांतले काही वापरून टाकलेले, ‘संपलेले’ पॅच होते.

तेव्हा विष थोडीच आहेत, असं म्हणू नका. मात्रा बदलली, माणूस बदलला, वजन बदललं की तीच आहेत.

दुसरा दावा : आम्ही वर ठेवतो, आणि आमच्याकडे लहान मूल नाही.

वर म्हणजे कुठे? फ्रिजवर. फ्रिजच्या शेजारी खुर्ची असते, आणि दीड वर्षाच्या मुलाला खुर्ची ओढायला कुणी शिकवावं लागत नाही. उंची म्हणजे सुरक्षितता नव्हे, कुलूप म्हणजे सुरक्षितता. दागिन्यांना कुलूप, कागदपत्रांना कुलूप, दिवाळीच्या चकल्यांच्या डब्यालाही पाहुणे येईपर्यंत अघोषित कुलूप. मॉर्फिनच्या गोळ्या मात्र टीव्हीखालच्या खणात.

‘आमच्याकडे लहान मूल नाही’ हेही तसंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडं येत नाहीत? शेजारची चिंगी दिवसातून चारदा आत-बाहेर करत नाही? आणि आलेल्या आजीच्या पर्समध्ये काय असतं? रुमाल, लिमलेटच्या गोळ्या आणि त्याच कप्प्यात रक्तदाबाच्या. तिच्या घरात लहान मूल नसतं म्हणून तिनं कधी वेगळा कप्पा केलेला नसतो. त्यात औषध पाजताना ‘चॉकलेट आहे, खा’ असं आपणच शिकवून ठेवलेलं. मूल आज्ञाधारक निघालं तर दोष कुणाचा?

धोका फक्त लहानांनाच आहे, हाही गैरसमज. परीक्षेच्या निकालाच्या रात्री घरात झोपेच्या गोळ्यांची भरलेली बाटली उघड्यावर असावी की नसावी, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी निकालाच्या आधी करायचा असतो. ती रात्र काय किंवा घरातल्या कटकटीनंतरचा तो एक तास काय, हाताशी काही नसलं तर पुष्कळदा निघून जातो. आत्महत्या रोखण्याचं काम करणारी माणसं म्हणूनच घरातली घातक साधनं दूर ठेवायला सांगतात. त्यात औषधं येतात.

जागेचं तर विचारू नका. औषधं बाथरूमच्या आरशामागे ठेवायची, हे आपण सिनेमातून उचललं. अंघोळीची वाफ, ओल, रोजची उष्णता. पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ लिहिलेलं असतं ते याच जागेच्या विरोधात. स्वयंपाकघरात गॅसच्या वरचं फडताळ ही दुसरी आवडती जागा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या घरातल्या औषधाचं काय होत असेल? इन्सुलिनची न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत हवी, गोठता कामा नये, आणि उघडली की साधारण अठ्ठावीस दिवस. पण इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवणारे महाभाग ‘हल्ली इन्सुलिनमध्ये दम राहिला नाही’ अशी तक्रार डॉक्टरकडे करतात.

तिसरा दावा : एक्स्पायरी हा कंपन्यांचा खेळ आहे.

या दाव्याला एक तरी आधार आहे, म्हणून तो आधी देऊन टाकतो. अमेरिकी लष्करानं साठवलेली औषधं तपासली, तेव्हा १२२ औषधांच्या तीन हजारांवर खेपांपैकी ८८ टक्के खेपा छापील मुदतीनंतर किमान वर्षभर, आणि सरासरी ६६ महिने, कसाला उतरल्या. २००६ साली हा अभ्यास छापून आला. व्हॉट्सअॅपवर त्याचं भाषांतर होतं ते ‘एक्स्पायरी म्हणजे धूळफेक’ एवढंच.

पण तो साठा कसा होता? मूळ पाकिटात बंद, नियंत्रित तापमानात ठेवलेला, आणि खेपेगणिक प्रयोगशाळेत तपासलेला. त्यातही सगळ्या खेपा सारख्या निघाल्या नाहीत. तुमच्या फडताळाला यातलं काय लागू आहे? कापलेली पट्टी लागू आहे की गॅसची धग? तुमच्याकडे प्रयोगशाळा कुठली, जीभ? पाणी घालून तयार केलेलं मुलाचं अँटिबायोटिक सिरप बहुधा आठवडाभरात संपवायचं असतं. ते फ्रिजच्या दारात पुढच्या तापाची वाट बघत दोन महिने उभं असतं, आणि बाटलीवरच्या छापील तारखेला अजून वर्ष आहे म्हणून कुणालाच काही वाटत नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळ काचेच्या बाटलीतून काढून कागदाच्या पुडीत ठेवली तर तिचा जोर उतरत जातो. ती गोळी निकामी आहे हे कळण्याची वेळ कोणती असेल, याची कल्पना करा. कंपनीनं गंडवलं असं म्हणायला तेव्हा कुणी शिल्लक राहिलं तर ठीक.

चौथा दावा : टाकण्यापेक्षा गरिबाला द्यावं.

हे सगळ्यात पुण्यवान मत, म्हणून सगळ्यात अवघड. मुदत संपत आलेली, अर्धी उरलेली, कशावर घ्यायची ते विसरलेली औषधं पिशवीत भरून वॉचमनला द्यायची आणि रात्री शांत झोपायचं. तुमच्या मुलाला तुम्ही ती द्याल का? मग वॉचमनच्या मुलाचं यकृत काय वेगळ्या कारखान्यात तयार झालं आहे?

जगाला हा धडा आधीच मिळालेला आहे. १९९२ ते १९९६ या काळात युद्धात होरपळलेल्या बोस्नियाला जगभरातल्या दयाळू लोकांनी औषधं पाठवली. त्यातली सुमारे १७ हजार टन निरुपयोगी होती : मुदत संपलेली, नावं न कळणारी, त्या लोकांना नको असलेली. ज्यांच्याकडे इस्पितळं चालवायला पैसे नव्हते, त्यांच्या गळ्यात ही औषधं नष्ट करण्याचा कोट्यवधींचा खर्च पडला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ साली औषधदानाचे नियम केले. रुग्णाला एकदा दिलेलं आणि परत आलेलं औषध दान करायचं नाही, हा त्यातला एक, आणि मुदतीला किमान वर्ष बाकी हवं, हा दुसरा. आपल्या सोसायटीच्या दानपेटीत यातलं काय बसतं?

त्यातून अँटिबायोटिक उरलेलं असेल तर प्रश्न दुप्पट होतो. उरलं कशाला? पाच दिवसांचं होतं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता सोडलं. आता ते दोन दिवसांचं अर्धवट औषध दुसऱ्या कुणाच्यातरी सर्दीवर जाणार, जी विषाणूची आहे आणि जिला त्याचा काडीचा उपयोग नाही. जंतूंना मात्र सराव होतो. याला दान म्हणायचं असेल तर दान घेणारे जंतू आहेत.

पाचवा दावा : कचऱ्यात टाकलं, संडासात ओतलं, जाळलं, विषय संपला.

तुमच्यापुरता संपला. इस्पितळाला मात्र असं म्हणता येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार कर्करोगाच्या औषधांचा उरलेला साठा बाराशे अंशांवर तापमान असलेल्या भट्टीत जाळावा लागतो, नाहीतर त्यासाठी पुरवठादाराकडे परत पाठवावा लागतो. इस्पितळानं तो साध्या कचऱ्यात टाकला तर कारवाई होते. तीच गोळी रुग्णाच्या पिशवीतून तुमच्या घरी आली की तिला बटाट्याच्या सालींची सोबत मिळते. उंबरठा ओलांडल्यानं गोळीचा गुण बदलतो, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

कायद्यातही घर मोकळं सुटलेलं नाही. २०१६ च्याच घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया आणि सिरिंज, फुटलेले थर्मामीटर हा ‘घरगुती घातक कचरा’ ठरवला आणि तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायला सांगितला. आपण ओला-सुका शिकायलाच इतकी वर्षं घेतली, की तिसऱ्या नावाचा डबा कुठल्याच सोसायटीच्या जिन्याखाली दिसत नाही.

आणि कचरा म्हणजे शेवटी कुणाचे तरी हात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती या हातांची संघटना. वर्गीकरणाच्या शेडमध्ये बाई खाली बसून तुमची काळी पिशवी फाडते आणि दोन्ही हातांनी उपसते. प्लास्टिक इकडे, पुठ्ठा तिकडे. मधेच इन्सुलिनच्या पेनची सुई असते, टोपण न लावलेली, कारण टोपण सोफ्याखाली गेलं होतं. बोटात घुसते. ती बोट दाबते, रक्त पुसते आणि पुढची पिशवी ओढते, कारण रोजंदारी वजनावर आहे. ती सुई कुणाची, त्याला कावीळ होती की आणखी काही, हे तिला कधीच कळणार नाही. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असं आयसीएमआरचा २०२३ चा अभ्यास सांगतो. त्यांतल्या इन्सुलिन घेणाऱ्यांच्या सुया रोज कुठे जातात? शीतपेयाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया साठवून, झाकण घट्ट लावून वर लाल खूण करायला किती खर्च येतो? याच पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका लावायला कचरावेचक बायकांनी घराघरांना शिकवलं. ठिपका लावायला हात झिजले नाहीत कुणाचे.

जाळणाऱ्यांचं तर वेगळंच. बंबात पट्ट्या टाकल्या की प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचा धूर होतो, जो घरातलेच हुंगतात. दम्याचा इनहेलर टाकला तर तो फुटतो. बंबाला बाराशे अंश माहीत नाहीत.

उरला संडास. इथे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं मे २०२५ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि १७ औषधांची यादी दिली : फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम वगैरे. घरात ठेवण्याचा धोका इतका मोठा की ही औषधं नको झाली की लगेच संडासात सोडून पाणी ओढावं. लगेच आमचे मित्र म्हणतात, ‘बघा, सरकारच सांगतंय संडासात टाका!’ सरकार सतरा सांगतंय, तुम्ही सतराशे ऐकलं. ही सतरा अपवाद आहेत, कारण ती कुणाच्या हाती लागली तर त्याच दिवशी जीव जाऊ शकतो. बाकीची पाण्यात सोडू नका, हेच त्या यादीमागचं म्हणणं आहे. मैलापाणी शुद्ध करणारी आपली केंद्रं औषधं गाळून काढण्यासाठी बांधलेली नाहीत.

सहावा दावा : कारखाने नद्या नासवतात, माझ्या दोन गोळ्यांनी काय होणार?

कारखान्यांबद्दल दुमत नाही. हैदराबादजवळच्या पटानचेरूमध्ये औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्यापेक्षा ते जास्त. लाज वाटावी असंच आहे ते. आणि औषधांचा बराच भाग लघवीतून गटारात जातो, हेही खरं. तो टाळता येत नाही. ओतणं टाळता येतं. दुसऱ्यानं मोठी चोरी केली म्हणून आपली छोटी चोरी माफ, हा न्याय कोणत्या कोर्टात चालतो?

औषधाचा लहानसा अंश कुठवर पोचतो, हे ज्याला बघायचं असेल त्यानं आकाशाकडे बघावं. डायक्लोफेनॅक, गुडघेदुखीची आपली ओळखीची गोळी. ती जनावरांना देऊ लागले, मेलेल्या जनावरांच्या मांसात राहिलेला अंश गिधाडांच्या पोटात गेला आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. कारण शोधायला २००४ उजाडलं, जनावरांसाठी बंदी यायला २००६. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरावं इतकी संपली होती. डायक्लोफेनॅक बनवणाऱ्या, लिहून देणाऱ्या, पाजणाऱ्या कुणालाही गिधाडं मारायची नव्हती. सगळे आपापल्या दोन गोळ्यांपुरतं बघत होते.

सातवा दावा : मग टाकायचं कुठे? सोयच नाही!

एवढाच एक आक्षेप मान्य. पण तो अर्धाच खरा आहे, आणि आपण पूर्ण आळसासाठी वापरतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं की दर वीस चौरस किलोमीटरमागे घरगुती घातक कचरा घेणारं एक केंद्र स्थानिक संस्थेनं उभारावं. तुमच्या शहरात किती आहेत? नगरसेवकाला हे कधी विचारलं? पेव्हर ब्लॉकबद्दल विचारता ते सोडून? मुंबई महापालिकेनं २०२५ मध्ये सॅनिटरी पॅड, मुदत संपलेली औषधं वगैरेंसाठी नोंदणी करून वेगळं संकलन सुरू केलं. तुमच्या सोसायटीनं नाव नोंदवलं का? तळोजा, रांजणगावला घातक कचऱ्याच्या भट्ट्या वर्षानुवर्षं आहेत. तुमच्या घरापासून भट्टीपर्यंतची साखळी तेवढी नाही.

आणि ‘परदेशी चोचले’ म्हणणाऱ्यांसाठी : केरळ परदेशात नाही. तिथल्या औषध नियंत्रण विभागानं २०२५ मध्ये कोझिकोडपासून वापरात नसलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली, निळ्या पेट्या ठेवल्या, आणि जमलेलं औषध भट्टीत नेऊन जाळण्याची व्यवस्था केली. आपल्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला काय करतो? त्याचा स्वतःचा मुदत संपलेला माल तो होलसेलरकडे परत पाठवतो. म्हणजे परतीची वाट आहे, गाडी आहे, हिशेबाची वही आहे. जिथे त्याचे पैसे परत मिळतात तिथपर्यंत ती वाट जाते, तुमच्या घरापर्यंत येत नाही. तिला पुढे आणायचं असेल तर केंद्राच्या त्याच मार्गदर्शिकेनं राज्याचा औषध विभाग आणि केमिस्टांच्या संघटना यांनी मिळून औषधं परत घेण्याची सोय करावी, असं सुचवलेलं आहे. सुचवणं झालं, आता मागणं आपलं काम.

सोय होईपर्यंत काय? औषध जितकं लागतं तितकंच घ्या; ‘दोन जास्तीच्या द्या’ हे वाक्य तोंडातून काढून टाका. पट्टी कापताना तारीख आणि नाव आपल्या तुकड्यावर राहील असं बघा, नसेल तर जागच्या जागी लिहून घ्या. एक खण, एक कुलूप, किल्ली एकाकडे. आठवड्याच्या गोळीवर वार लिहा. कर्करोगाची उरलेली गोळी जिथून आणली त्या इस्पितळात परत न्या. फेंटानिलचा पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि संडासात सोडा. बाकीच्या गोळ्या वेगळं संकलन असेल तिथे खूण केलेल्या पाकिटात द्या; नसेल तर पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवी बंद करा आणि मग कचऱ्यात टाका, म्हणजे कुणाला त्या पुन्हा विकता किंवा खाता येणार नाहीत. आणि मुलानं काही गिळल्याची नुसती शंका आली तरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. पट्टी हातात घेऊन दवाखाना गाठा, वाटेत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या नंबरवर फोन करा.

यात परदेशी काय आहे? चोचला काय आहे? चहाचा चोथा आपलाच आहे.

औषध विकत घेतलं म्हणजे ते फक्त आपलं झालं, हीच मूळ चूक आहे. बरं वाटल्याचा फायदा एकट्याचा. उरलेल्या गोळीचा धोका मात्र नातवंडाचा, कचरावेचक बाईचा, खालच्या गावातल्या पाण्याचा. असा सौदा आपण दुसऱ्या कुणाला करू देत नाही. रसायनाच्या कारखान्यानं केला की मोर्चा काढतो. तेव्हा घरातली औषधं म्हणजे खासगी बाब, हे बोलणं आता बंद व्हायला हवं. आणणारा माणूस त्याच्या शेवटच्या गोळीपर्यंत जबाबदार असतो.

पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की पैसे देताना मोठ्यानं विचारा, ‘उरलेलं औषध परत घेता का?’ तो नाही म्हणेल. महिन्याभरानं पुन्हा विचारा, आणि शेजाऱ्यालाही विचारायला सांगा. गिऱ्हाइकांमागून गिऱ्हाइकं एकच प्रश्न विचारू लागली की दुकानाला, संघटनेला आणि सरकारला नाही म्हणणं परवडत नाही.